टिटवीच्या माळावरचा मुक्काम

गेल्या माघात मृणाल आणि तिचा नवरा आपले चाकांवरचे घर घेऊन वाशीमला आले आणि माझ्या दारासमोर चार दिवस राहिले. मृणाल ही माझ्या धाकट्या बहिणीची, वसुधेची, नात. या दोघांनी शहरातली सदनिका सोडून दिली आहे. काम संगणकावर करतात आणि बारा महिने प्रवासात असतात. त्या गाडीत स्वयंपाकाचा ओटा आहे, पलंग आहे, पाण्याची टाकी आहे आणि आरशाशेजारी गणपतीची लहानशी तसबीरही आहे. सायंकाळी मी जपाला बसले की ती दोघे माझ्या दारातल्या ओट्यावर बसून पुढच्या मुक्कामाची जागा फोनवर शोधत. गाडी उभी करायला सपाट फरशी कुठे आहे, नळ कुठे आहे, वीज जोडून मिळते का, आधी राहून गेलेल्यांनी त्या जागेला किती तारे दिले आहेत, हे सारे मोठ्याने वाचत. एका तळ्याकाठच्या जागेचे तारे कुणीसे कापले होते. कारण दिले होते की पहाटे पक्षी फार ओरडतात. मला हसू आले, आणि मग बराच वेळ जपाचा मणी बोटातच राहिला. मृणालने विचारले, "आजी, तुम्ही तर लहानपणी बैलबंडीतच राहत होतात ना? तुम्ही कशी निवडायचात जागा?" उत्तर एका बैठकीत सांगण्यासारखे नव्हते. लिहून ठेवते, असे तिला म्हटले. ते हे.

आमचे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, पुराणिक होते. गावोगावी जाऊन पाच-सात दिवस पुराण सांगावे, शेवटच्या दिवशी प्रसाद व्हावा आणि दुसऱ्या दिवशी बंडी पुढे निघावी, असा त्यांचा आयुष्यक्रम होता. आमचे म्हणावे असे घर कुठेच नव्हते. पावसाळ्याचे चार महिने रिठदला देवळाशेजारच्या धर्मशाळेत एक खोली मिळे, परंतु तिथेही आई पेट्यांच्या दोऱ्या पूर्ण सोडत नसे. कुणी आप्पांना घराविषयी छेडले तर ते म्हणत, "गृहस्थाला घर असावे, असे शास्त्र सांगते. ते एकाच जागी असावे, असे सांगितलेले माझ्या वाचनात नाही." ते हे विनोदाने म्हणत, असे मला पुष्कळ वर्षे वाटे. आता तसे वाटत नाही.

बंडीवर बांबूच्या तट्ट्याचे अर्धगोल छप्पर होते आणि आतून आईने जुन्या लुगड्यांचे अस्तर लावले होते. पुढच्या बाजूला लाल बासनातल्या पोथ्यांची पेटी, मागे पिठाचा डबा, तेलाची बुधली, जाते आणि घागर. चालताना या प्रत्येक वस्तूचा वेगळा आवाज येई. डोळे मिटलेले असले तरी रस्ता मुरमाचा आहे की काळ्या मातीचा, हे मला घागरीच्या झाकणीवरून कळे. हरण्या आणि माणक्या हे आमचे बैल. आप्पा त्यांना कधी चाबूक लावत नसत, जीभ टाळ्याला लावून एक बारीक आवाज काढत, तेवढा पुरे. मी चाकाशेजारून चालत असे आणि आप्पा वरून मला विभक्ती विचारत. एका मैलाच्या दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत एक शब्द पूर्ण चालवून दाखवायचा, असा नेम होता. त्यामुळे माझ्या संस्कृताला आजही चालण्याची लय आहे. बसून आठवू लागले की अडखळते आणि उठून दोन पावले टाकली की आठवते.

मुक्कामाची जागा निवडणे हे आमच्या घरातले सर्वांत गंभीर काम होते. आप्पा बंडी थांबवत, पण जू काढत नसत. आधी तांब्याभर पाणी जमिनीवर ओतून ते कोणत्या दिशेला वाहते, हे पाहत. पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे उतार असला तर त्यांचा चेहरा उजळे. मग काठीने वारुळे, बिळे, काटे पाहत एक फेरी मारत. पाणवठा ईशान्येला असला, जवळ देवाचे स्थान असले, औदुंबर किंवा वड असला, तर ती जागा शास्त्रपूत. शेवटी पृथ्वीला पाय लावतो आहोत म्हणून तिची क्षमा मागत आणि मगच जू खाली येई. आईचे निकष अगदी वेगळे होते. ती बंडीतून न उतरताच सांगे, "इथे धूर तोंडावर येणार," किंवा "इथे बाईमाणसाला आंघोळीला आडोसा नाही." बहुधा तिचे म्हणणे खरे ठरे. परंतु तिला पोथीचे प्रमाण देता येत नसे, म्हणून ती एकदाच सांगून गप्प राही.

जागा कुणाच्या शेतात असो, गायरानात असो की देवळाच्या आवारात, आप्पांचा आणखी एक नेम होता. उतरताना धन्याची परवानगी घ्यायची आणि निघताना त्याच्यासमोर हात जोडून ठरावीक शब्द उच्चारायचे, "आम्ही आपल्या जागेत राहिलो. काही उणे-अधिक झाले असेल तर पदरात घ्यावे." पाटील असो वा एका बिघ्याचा कुळवाडी, शब्द तेच आणि मान तितकीच खाली. कित्येक साधी माणसे या नमस्काराने गोंधळून जात. किन्हीराजाचा एक म्हातारा शेतकरी तर म्हणाला होता, "म्हाराज, तुमी पाया पडून राह्यले तं मले पाप लागते ना! जा आता गुमान."

बाराव्या-तेराव्या वर्षी पुढे पळत जाऊन जागा हेरण्याचे काम माझ्याकडे आले. तो माझ्या आयुष्यातला पहिला अधिकार. मी परकराचा ओचा खोचून बंडीच्या कोसभर पुढे जाई, झाडे पाही, पाणी पाही, उन्हाची दिशा पाही आणि परत येऊन सांगे. आप्पा प्रश्न विचारत आणि मी उत्तरे देई, जणू परीक्षाच. त्यांनी एकदा मान हलवली की मला दिवसभर भूक लागत नसे.

त्या वर्षी वैशाखात किन्हीराजाचे पुराण आटोपून आम्ही अनसिंगकडे निघालो होतो. तिथे आईचे माहेर. आईला आठवा महिना सरून नववा लागला होता. माझ्यानंतर तिला दोन मुले झाली आणि दोन्ही राहिली नाहीत. एक जन्मताच गेले आणि एक सहाव्या दिवशी. दोन्ही वेळी आम्ही वाटेवर होतो. या विषयावर घरात कुणी बोलत नसे, पण बंडीच्या एका कोपऱ्यात छोटी घडी केलेली दुपटी होती, ती आई कुणाला हलवू देत नसे. निघण्याच्या आदल्या दिवशी तिने मला जवळ बोलावले आणि केस विंचरता विंचरता म्हणाली, "वेणू, माहेरी पोचेपर्यंत जागा तू नीट पाहा हो. तुझे आप्पा पाण्याचा उतार पाहतात. तू माझ्याकडे पाहून जागा पाहा." मी हो म्हटले. ते हो मला पुढे फार जड झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, अनसिंग एका मुक्कामावर राहिले असताना, आईने छपराचा बांबू दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने पुन्हा तसेच. आप्पांनी मागे वळून पाहिले. "पोचणे होणार नाही," आई म्हणाली.  आप्पांनी मला फक्त "जा" एवढेच सांगितले, आणि मी धावत सुटले.

वाट एका नाल्यात उतरण्यापूर्वी डाव्या हाताला उंचवट्याचा मोकळा मुरमाड माळ होता. वारा चांगला होता, एक डेरेदार कडुनिंब होता आणि पलीकडे हाकेच्या अंतरावर एक लहान वस्ती दिसत होती. माझे मन तिथेच बसले होते. इतक्यात एक पक्षी माझ्या डोक्यावरून किंचाळत गेला. लांब पिवळे पाय, डोळ्यापुढे लाल कातडी, काळी छाती. तो वळला आणि थेट माझ्या कपाळावर आल्यासारखा आला. मी खाली बसले, तो वरून गेला आणि पुन्हा वळला. ती टिटवी होती. 'टिट्टिभ' हा शब्द मी सातही विभक्तींत चालवू शकत होते, परंतु हा पक्षी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. त्याचा आवाज अशुभ मानतात, एवढे मात्र पक्के शिकलेली होते. तेवढ्यात बंडी आली. आप्पांनी डाव्या बाजूने येणारा तो आक्रोश ऐकला आणि कासरा ओढला. "प्रसूतीच्या वेळी वामांगी टिटवी," ते हळू आवाजात म्हणाले. "इथे नको." मीही मान हलवली. त्यांनी न विचारता मला शकुनाचा नियम आठवला, याचा मला त्याही घटकेला अभिमान वाटला. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे ते खरे.

मी उतारावरून खाली गेले आणि नाल्याच्या वळणावर मला अशी जागा सापडली की मी जागच्या जागी थबकले. मोठा औदुंबर, त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला महादेव, ईशान्येला नितळ पाण्याचा डोह आणि पूर्वेकडे उतरती मऊ रेती. वर फांद्यांमध्ये वाळक्या गवताचे मोठेमोठे गोळे अडकलेले होते. पाखरांची घरटी, असे मी समजले आणि मनात म्हटले, ही तर पाखरांनीही मानलेली जागा आहे. आप्पांनी पाणी ओतून पाहिले, महादेवाला हात जोडले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "वेणू, ग्रंथात वाचावी तशी जागा आहे," ते म्हणाले. आईने मान बाहेर काढून रेतीकडे आणि दोन्ही बाजूंच्या उंच काठांकडे पाहिले. "वारा नाही इथे," एवढे बोलून ती पुन्हा आत गेली. जू उतरले. मी तीन दगड मांडले, गोवऱ्या पेटवल्या आणि सकाळी मळून आणलेल्या जाडसर कणकेचे बारा रोडगे निखाऱ्यात ठेवले. आज दिवस मोठा जाणार, कुणाला तरी खायला लागेल, एवढाच विचार. मग सुईणीच्या शोधात वस्तीकडे निघाले.

वस्तीच्या तोंडाशी पिंपळ होता आणि त्याच्या पारावर बुद्धाची लहान मूर्ती. पहिल्याच घरापुढे एक वयस्क बाई सुपात तूर पाखडत होती. उंच, काळीसावळी, पदर कमरेला खोचलेला. मी धापा टाकत सांगितले. तिने सूप खाली ठेवले नाही.

"कोनाची हायेस पोरी?"

"पुराणिकांची. आम्ही बंडीवाले."

"अस्सं! ते पोथीवाले म्हाराज," ती म्हणाली. "आन् सुईन पाह्यजेन. दीक्षा घेतल्यापासून म्या ते गावकीचं काम टाकलं बापा. बोलावनं आलं का निंगालं, तसं आता नाई."

 दोन मुले गेली, एवढेच मी म्हणाले आणि मला रडू आले. तिने सूप ठेवले, माझ्याकडे नीट पाहिले आणि उठून घरात गेली. कोयता, सूत आणि स्वच्छ फडके घेऊन बाहेर आली. "काम म्हनून नाई येत, समजलं? बाईमानूस म्हनून येतो. मले सरजा म्हनतेत. कुठं उतरले तुमी?"

"खाली, औदुंबराखाली."

ती चालता चालता थांबली. "नाल्यात? त्या उंबराखाली? कायले उतरले तिथं?"

"वर माळावर टिटवी ओरडत होती."

सरजामायने कपाळावर हात मारला. "अवं माय! टिटवी वरडत व्हती म्हनून खाली गेले? मंग तं तिथंच उतरा लागत व्हतं!" तिने मान वळवून दूर डोंगराकडे पाहिले. आमच्या माथ्यावर आभाळ स्वच्छ होते, ऊन रणरणत होते. डोंगराच्या पाठीशी मात्र काजळी धरावी तसा एक पट्टा होता. "सकायपासून तिकडं जमून राह्यलं," ती म्हणाली आणि झपझप चालू लागली.

आईला नुकतीच मोठी कळ येऊन गेली होती. सरजामायने तिच्या पोटावर हात ठेवून पाहिले, गालावरून हात फिरवला आणि बाहेर येऊन थेट आप्पांना म्हणाली, "म्हाराज, बैल जुपा. वर चाला."

आप्पा महादेवासमोर बसून स्तोत्र म्हणत होते. ते उठले. "बाई, अशा अवस्थेत तिला हलवायचे? आणि त्या अपशकुनी जागी?"

"अजून येळ हाय तिले. पान्याले नाई."

"पाणी? आभाळ तर निरभ्र आहे. याला प्रमाण काय?"

हा शब्द ऐकून मी घाबरले. आप्पा मोठमोठ्या शास्त्रीपंडितांना याच शब्दाने थांबवत असत. सरजामाय मात्र अडखळली नाही. तिने वर बोट केले. "थे गवत पाहा. कोनी टांगलं?"

आप्पांनी वर पाहिले. मीही पाहिले. घरटी नव्हती ती. गवत, कडबा, एक फाटके पोते आणि मधेच कुणाच्या तरी कुंपणाची काटेरी फांदी, सारे एकाच दिशेने पिळलेले, एकाच दिशेने वाळलेले. आप्पांनी हातातली काठी उंच धरली. आमचे आप्पा चांगले उंच होते आणि काठीही पुरुषभर होती, तरी तिचे टोक त्या गवताला लागले नाही. किती तरी वेळ ते तसेच काठी उंचावून उभे राहिले. मग त्यांनी ती खाली घेतली, आणि आयुष्यात प्रथमच, एकदा काढलेले जू त्यांनी त्याच दिवशी पुन्हा बैलांच्या मानेवर ठेवले. महादेवाला त्यांनी नमस्कार केला, पण त्याची अनुमती मागितल्याचे मला आठवत नाही.

वर जाताना प्रत्येक दगडागणिक आईचा आवाज येत होता. मी चाकाला खांदा लावला होता आणि माझ्या मनात एकच वाक्य घुमत होते, की तिने मला सांगितले होते. तिने मलाच सांगितले होते.

माळावर पाय ठेवताच टिटवीने पुन्हा आकांत मांडला. आता दोन होत्या. सरजामायने हात आडवा करून बंडी थांबवली आणि मला हाताला धरून पुढे नेले. "पाय संबाळून. आता पाहाय."

मला मुरूम दिसला. मुरमाचे खडे, वाळक्या लेंड्या, ऊन. तिने माझी मान धरून आणखी खाली केली. तेव्हा त्या खड्यांतले चार खडे निराळे झाले. मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची, टोके आत करून एकमेकांना लावलेली चार अंडी. ना काडी, ना पीस, ना आडोसा. उघड्या जमिनीवर, उघड्या आभाळाखाली. माझे पाऊल त्यांच्यापासून वीतभर दूर होते. सकाळी मी धावत आले तेव्हा ते किती जवळून गेले असेल, कुणास ठाऊक.

"ते मरनाची खबर नाई देऊन राह्यली," सरजामाय हळूच म्हणाली. "ते म्हनते, इथं माहे लेकरं हायेत, पाय संबाळा. आन् टिटवी जिथं अंडे घालते ना, तिथं पानी येत नाई. तिले समजते." मग आवाज चढवून आप्पांना म्हणाली, "बारा पावलं लांब, लिंबाखाली लावा बंडी. आन् तोंड तिकडं करा. दोन बाया एकमेकीच्या डोयासमोर नको."

ज्याला मी घरटे समजले, ते पुराचे गवत होते. ज्याला आम्ही दोघांनी अपशकुन मानले, ते घरटे होते. मी इतकी वर्षे शिकले होते आणि आप्पा माझ्याहून चौपट. त्या माळावर आम्ही दोघेही निरक्षर होतो.

बंडी लागली, पडदा पडला आणि सरजामाय आत गेली. टिटवी आमच्याभोवती एक फेरी घालून उतरली, थांबत थांबत चालत गेली आणि अंड्यांवर बसली. बसताच ती जणू नाहीशी झाली. आप्पा कडुनिंबाखाली उभे होते. 

मग तो नाद आला. आधी मला वाटले, दूर वाटेवरून पन्नास बंड्या एकदम येत आहेत. बैलांनी कान टवकारले. आवाज वाटेवरून येत नव्हता, जमिनीतून येत होता. मी काठापर्यंत गेले. नाल्याच्या वरच्या वळणावर मातकट रंगाची एक भिंत दिसली. तिच्या माथ्यावर फेस होता, तुराट्या होत्या, एक मुळासकट उपटलेली बाभूळ होती. आणि आमच्या माथ्यावर ऊन होते. एक थेंब पडला नाही. डोंगरावर पडलेले पाणी आपल्या पायांनी चालत आले होते. माझ्या डोळ्यांदेखत ते वळणात शिरले. डोह गेला, रेती गेली, माझी चूल आणि तिच्यातले बारा रोडगे गेले. महादेव बुडाला. औदुंबर कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत पाण्यात उभा राहिला, आणि त्याच्या फांद्यांत नवे गवत अडकू लागले. नेमके त्याच उंचीवर. ज्या जागी आई आडवी असती, तिथून बाभूळ गरगरत गेली. मी हात जोडले. कुणाला जोडले, हे मला त्या वेळी कळले नाही आणि आजही निश्चित सांगता येणार नाही. परमेश्वराचे विराट रूप मी पाठ केले होते. त्याची पहिली ओळख मात्र मला त्या काठावर, उन्हात उभी असताना झाली.

त्या गर्जनेत मागून काहीच ऐकू येत नव्हते. मी परत धावले तेव्हा पडद्यामागे शांतता होती, आणि ती शांतता मला पुरापेक्षा भयंकर वाटली. चट चट असे तळव्याचे आवाज आले. पुन्हा आले. "रड ना वं, रड! एवढा परवास केला आन् आता गुमान राह्यते काय!" सरजामायचा आवाज. आप्पांनी लिंबाच्या खोडाला हात टेकला. आणि मग एक बारीक, संतापलेला, न थांबणारा आवाज आला.

पडदा सरला. "पोरगी हाय म्हाराज. तोंड वाकडं करा लागत असनं तं तिकडं नाल्याकडं पाहून करा."

 आप्पांनी विचारले, "आणि ती?"

"दोघीबी हायेत."

आप्पा जागीच खाली बसले. मुरमावर, उन्हात, आसन न घालता.

सायंकाळ झाली. पूर ओसरला, पण नाल्याचे पाणी तांबड्या चिखलासारखे होते. सरजामायच्या सुनेने वस्तीच्या विहिरीची भरलेली घागर आणून बंडीपाशी ठेवली. सोबत भाकरी, ठेचा आणि बाळंतिणीसाठी तिखटाविना केलेले कढत वरण. आप्पांच्या संध्येची वेळ झाली होती. त्यांनी पळी-पंचपात्र काढले आणि ते घागरीकडे पाहत राहिले. त्या काळी, आमच्यासारख्या घरात, त्या घागरीकडे पाहणे म्हणजे काय होते, हे मृणालला समजावून सांगावे लागेल. आणि तिला ते समजले नाही, तर मला आनंदच होईल. सरजामाय हात धुता धुता थांबली. तिच्या स्वरात थोडी धार होती. "चालते का म्हाराज? का नाल्याचं गढूय पानी निवळू देता?"

आप्पा म्हणाले, "बाई, काय चालते आणि काय चालत नाही, हे आज सकाळपर्यंत मला पाठ होते." त्यांनी घागरीतून पंचपात्र भरून घेतले, आचमन केले आणि सूर्याला अर्घ्य दिले. अर्घ्याचे पाणी मुरमावर पडले. ते कोणत्या दिशेला वाहिले, हे त्यांनी पाहिले नाही.

त्या माळावर आम्ही दहा दिवस राहिलो. वस्तीतल्या माणसाकडून निरोप मिळताच आईच्या माहेरचे लोक दुसऱ्याच दिवशी बंडी घेऊन न्यायला आले होते, पण सरजामायने त्यांना माळावरूनच परत पाठवले. "वल्ली बायंतीन हाय, गाठोडं नाई तुमचं. दहा रोज झाले का या." ते दहा दिवस माझ्या आयुष्यातली खरी पाठशाळा होती. भर दुपारी, जमिनीवर पाऊल ठरत नसे तेव्हा, टिटवी नाल्याच्या डबक्यात जाऊन पोट भिजवून येई आणि त्या ओल्या पिसांनी अंड्यांवर बसे. सावलीला झाड नाही, म्हणून स्वतःच्या अंगाचा गारवा. ती गेली की तिचा जोडीदार बसे. आप्पा हे दिवसचे दिवस पाहत बसत. त्यांचे रोजचे पारायण मोठ्या आवाजात असे, तिथे मात्र ते ओठांतल्या ओठांत होऊ लागले. एकदा आई आतून म्हणाली, "आज मोठ्याने म्हणत नाही?" तर म्हणाले, "ती दचकते." आणि मी आईला, तिने काही न विचारता, एका दुपारी सांगून टाकले की खालची जागा मी निवडली होती. आई बाळाला पाजत होती. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "आणि वर धावत जाऊन सरजाबाईला कोणी आणले, तेही ठाऊक आहे." मग तिने कोपऱ्यातली ती लहान घडी मला काढायला सांगितली. मी बाळाला त्या दुपट्यात गुंडाळले.

नवव्या दिवशी सकाळी चार अंड्यांची चार पिले झाली होती. दुपारपर्यंत ती चालूही लागली. खड्यांना पाय फुटावेत तशी. सरजामायने बाळाकडे पाहून म्हटले, "तुह्यापक्षा हुशार हायेत वं." बाळाचे नाव आप्पांनी वसुधा ठेवले. वस्तीने तिला टिटवीच म्हटले, आणि पुढे सासरीही हे नाव तिच्या मागोमाग गेले. आवाजही तसाच होता तिचा. गेल्या वर्षी ती गेली. तोवर तिने कुणाला आपल्या दारासमोर गैरजागी गाडी लावू दिली नाही.

अकराव्या दिवशी बंडी भरली, बैल जुंपायला आणले. आईने स्वतःचे एकुलते चांगले लुगडे सरजामायला दिले. तिने ते घेतले आणि तिथल्या तिथे त्याच्या पदरात बाळाला धरून दाखवले. मग आप्पा पुढे आले. त्यांचा निघतानाचा नेम राहिला होता. "बाई, ही जागा कुणाची? ज्यांची असेल, त्यांचा निरोप घ्यायचा आहे."

"कोनाची असनं!" सरजामाय हसली. "कागदावर सरकारी हाय. सरकार काई इथं राह्यत नाई." तिने हनुवटीने माळाकडे खूण केली. "राह्यते तं ते राह्यते."

आप्पांनी आधी तिच्यासमोर हात जोडले. ती काही म्हणणार, इतक्यात ते वळले. पायातल्या वहाणा काढल्या. बारा पावलांपैकी सहा चालून थांबले. टिटवी ताठ उभी राहिली, पिले खड्यांत मिसळून गेली. पाटलासमोर आणि कुळवाड्यासमोर जितकी झुकवत, तितकीच मान झुकवून, तेच शब्द, तितक्याच सावकाश, आप्पा म्हणाले, "आम्ही आपल्या जागेत राहिलो. काही उणे-अधिक झाले असेल तर पदरात घ्यावे."

टिटवी कर्कश ओरडली. आप्पा तसेच पाठमोरे न होता सहा पावले मागे आले, वहाणा हातात घेतल्या, आणि जवळची वाट सोडून माळाला मोठा वळसा घालून त्यांनी बंडी काढली.